वावर, प्लॉट आणि कागद

जमीन नावावर असणे, ताब्यात असणे आणि मालकीची असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना तिन्हींसाठी ‘आपलं वावर’ एवढे दोन शब्द पुरतात. कागदावर मात्र प्रत्येकीचे ठिकाण निराळे. नाव पटवाऱ्याच्या दप्तरात असते, ताबा धुऱ्यावर दिसतो आणि मालकी सिद्ध करायची ती दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तांच्या साखळीतून. अमरावती-अकोल्याकडचे जमिनीचे पुष्कळ तंटे यांतल्या एकीला दुसरी समजल्यामुळे उभे राहतात.

वऱ्हाडातल्या जमिनीच्या कागदांची भाषाही एका काळातली नाही. अमरावतीच्या खरेदीखतात आजही ‘मौजे सातुर्णा, प्रगणे बडनेरा’ असे लिहिलेले आढळते. प्रगणा हा मोगलाईतला महसुली विभाग. सर्व्हे नंबर, एकर आणि गुंठा आले ते १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवल्यानंतर. शेजारच्या नागपूर प्रांतात मालगुजारी होती, वऱ्हाडात मात्र मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, म्हणजे सरकार आणि कास्तकार यांच्यात मधला धनी राहिला नाही. पुढे हा मुलुख मध्य प्रदेशात असताना १९५४ च्या जमीन महसूल संहितेने ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ हे शब्द दिले. १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. महाराष्ट्राची १९६६ ची संहिता लागू झाल्यावर भूमिस्वामीचा ‘भोगवटादार’ झाला. जुना माणूस जुनाच शब्द वापरतो, नवा दस्त नवा शब्द. व्यवहार करणाऱ्याला दोन्ही कळावे लागतात. विदर्भातल्या जमिनीचा मागोवा घेताना वकील १९५४-५५ चे अधिकार अभिलेख मागतात, तेही याच इतिहासामुळे.

सातबारा हा एक उतारा वाटला तरी तो दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाकडे आणि कोणत्या हक्काने आहे हे लिहिलेले असते, तर १२ मध्ये त्या वर्षी काय पेरले ते. क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित कमी. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. सातबाऱ्यावर ०.८१ दिसले की ते दोन एकर समजायचे. क्षेत्राखाली ‘पोटखराब’ असते: नाला, खडक, वाट अशा कारणांनी लागवडीला न येणारा भाग. विकत घेताना तो क्षेत्रात धरला जातो, पीक मात्र त्यातून निघत नाही.

उताऱ्याचा डावीकडचा भाग सगळे पाहतात. उजवीकडच्या ‘इतर हक्क’ या रकान्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. सोसायटीचे पीककर्ज, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, दुसऱ्याच्या वावरात जायची वहिवाट, कुळाचे नाव, न्यायालयाचा मनाईहुकूम, संपादनाची नोंद हे सगळे तिथे येते. कधी नुसताच फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढून वाचल्याशिवाय उतारा वाचला असे म्हणता येत नाही. हस्तलिखित उताऱ्यांत जुने नाव कंस करून किंवा आडवी रेघ मारून कमी केलेले असते आणि त्याच्याजवळच्या वर्तुळातला आकडा फेरफाराचा असतो. नावांपुढची अक्षरेही बोलकी असतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अशा नावाची जमीन त्या एकट्याची नसून कुटुंबाची असते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मालक अल्पवयीन आहे आणि त्याच्या वतीने दुसरा पाहतो आहे, असा त्याचा अर्थ. हिंदू अज्ञानाची जमीन नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही.

आणि तरीही सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हे. तो महसूल गोळा करण्यासाठी ठेवलेला अभिलेख आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी मानावी, असे संहितेचे कलम १५७ म्हणते, त्यापुढे जात नाही. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

त्या उताऱ्यावरचा सर्वांत महागडा शब्द ‘वर्ग’. भोगवटादार वर्ग १ ला जमीन विकण्यास आडकाठी नाही. वर्ग २ ची जमीन कसता येते, वारसांकडे जाते, पण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. भूमिधारी हक्काच्या जमिनी याच वर्गात आल्या. भूदानातून मिळालेली जमीन तर विकण्यासाठी नसतेच. विनोबांच्या चळवळीने विदर्भात वाटलेल्या जमिनींना १९५३ चा मध्य प्रदेशचा भूदान कायदा लागतो. मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, कोरकू किंवा इतर आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर संहितेचे कलम ३६-अ आडवे येते.

कूळकायदाही विदर्भाचा वेगळा आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कायदा, तर इथे १९५८ चा. तिकडे कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा, इकडे कुळाकडे मालकी गेली ती १ एप्रिल १९६१ ला. पुण्याच्या पुस्तकातली कलमे अकोल्यात जुळत नाहीत, याचे कारण हेच. तिकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास मज्जाव करणारे कलम ६३, इथे ते ८९. कुळाने घेतलेल्या जमिनीच्या विक्रीवरचे बंधन तिकडे कलम ४३ मध्ये आहे, इथे ५७ मध्ये. २०१४ च्या दुरुस्तीनंतर अशी जमीन खरेदीला दहा वर्षे उलटली असतील तर आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून, वेगळी परवानगी न घेता विकता येते.

‘आठ’ या आकड्याने गावागावांत घोटाळा केला आहे. पटवाऱ्याकडचा ‘आठ-अ’ म्हणजे खातेउतारा: एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एका कागदावर. ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ म्हणजे घरपट्टी आकारण्याची नोंदवही. घर कोणाचे याच्याशी पंचायतीला घरपट्टीपुरताच संबंध, त्यामुळे त्या नोंदीतून मालकी ठरत नाही. गावठाणातली घरे मात्र पिढ्यान्‌पिढ्या याच कागदावर विकली गेली, कारण दुसरा कागद नव्हताच. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून घरांच्या मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या, त्या ही उणीव भरून काढण्यासाठी. २०१६ मध्ये अकोला महापालिकेची हद्द वाढली तेव्हा उमरी, मलकापूर, खडकी, शिवणी ही गावे शहरात आली. घरपट्टीचे कार्यालय बदलले, जमिनीची मालकी होती तिथेच राहिली.

जुन्या शहरात सातबारा नसतो. तिथल्या जागेला शीट क्रमांक आणि प्लॉट क्रमांक असतो. बाकीचा महाराष्ट्र ज्याला मिळकत पत्रिका किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, त्याला विदर्भात ‘आखीव पत्रिका’ म्हणतात. नझूल हा शब्दही इकडे नेहमीचा. नझूल जमीन सरकारची. राहणाऱ्याला ती भाडेपट्ट्याने दिलेली असते. घर त्याचे असते, खालची जमीन नसते. पट्ट्याचे नूतनीकरण राहिले, भुईभाडे थकले किंवा परवानगीवाचून हस्तांतर झाले की शर्तभंग होतो आणि बँक अशा घरावर कर्ज द्यायला कचरते. या जमिनी निवासी वापरासाठी असतील तर वर्ग १ करून घेण्यासाठी शासनाने २०२४ मध्ये नागपूर आणि अमरावती विभागांपुरती विशेष अभय योजना काढली आणि तिच्यात बाजारमूल्याच्या अवघे २ टक्के अधिमूल्य ठेवले.

शहराच्या कडेला, अमरावतीत रहाटगाव-कठोऱ्याकडे किंवा अकोल्यात कौलखेड-खडकीकडे, वावराचा प्लॉट होतो. या प्रवासातला पहिला शब्द ‘एन.ए.’, म्हणजे अकृषक. शेतजमिनीवर घर बांधायचे तर तिचा वापर बदलून घ्यावा लागतो. विकास आराखड्यात निवासी पट्ट्यात असलेली किंवा गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन संहितेच्या कलम ४२-ब आणि ४२-ड प्रमाणे कर आणि अधिमूल्य भरल्यावर अकृषक मानली जाते. दुसरा शब्द ‘मंजूर लेआउट’. मंजूर नकाशात रस्ते आणि मोकळी जागा सोडलेली असते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागेत ती किमान १० टक्के लागते. मंजुरी तात्पुरती आहे की अंतिम, हे नकाशावरच्या शिक्क्यात लिहिलेले असते. जाहिरातीच्या फलकावर ते क्वचितच असते.

मंजुरी न घेता वावरात खुंट्या ठोकून पाडलेले प्लॉट म्हणजे गुंठेवारी. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना लागू झाला. त्याच्या जोडीला तुकडेबंदी. १९४७ च्या कायद्याने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेतजमिनीचा तुकडा विकता येत नाही. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. दीड हजार फुटांचा, म्हणजे ३० बाय ५० चा प्लॉट दीड गुंठ्याहूनही लहान. तो अकृषक आणि मंजूर नसेल तर खरेदीखत अडू शकते. मग दहा जण मिळून वीस गुंठे सामाईकात घेतात. सातबाऱ्यावर दहा नावे चढतात, पण कोणाचा तुकडा कुठला हे त्यावर कुठेच नसते.

सौद्याची सुरुवात इसाराने होते. इसार किंवा बयाना म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली रक्कम, आणि इसारचिठ्ठी किंवा सौदाचिठ्ठी म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ याबाबत स्पष्ट आहे: अशा कराराने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. घेणाऱ्याला मिळतो तो करार पाळायला लावण्याचा हक्क, आणि त्यासाठी दाव्याची मुदत तीन वर्षे. ‘सौदाचिठ्ठी झाली म्हणजे वावर झालं’ ही समजूत म्हणूनच महागात पडते. मुखत्यारपत्रावर विकत घेणे हा याचाच दुसरा प्रकार. कुलमुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र असे तीन कागद करून प्लॉट ‘विकण्याची’ पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ ला सूरज लॅम्प प्रकरणात मोडीत काढली. मुखत्यार विकू शकतो, पण मालकाच्या वतीने आणि नोंदणीकृत खरेदीखतानेच.

खरेदीखतात दोन पक्ष असतात: ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. मोबदला किती, तो कसा पोचला, चतुःसीमा काय, ताबा कधी दिला आणि मिळकत निर्वेध असल्याची हमी, हे त्याचे मुख्य भाग. ‘निर्वेध’ म्हणजे त्यावर बोजा, दावा, जप्ती, कोणा तिहाईताचा हक्क काहीही नाही. चतुःसीमा म्हणजे चारही बाजूंना कोण आहे, आणि तिथे एकाही बाजूला पांधण किंवा रस्ता लिहिलेला नसेल तर वावरात जायची वाट विकत घ्यावी लागेल किंवा तहसीलदाराकडे मागावी लागेल. दस्त सही केल्यापासून चार महिन्यांत नोंदवावा लागतो. नोंदणी झाली की ‘सूची क्रमांक दोन’ मिळते. दस्ताचा गोषवारा तिच्यात असतो आणि वकील शोध अहवाल करताना साधारण तीस वर्षांच्या अशा सूच्या चाळतो.

त्यानंतर फेरफार. नोंदणीची माहिती पटवाऱ्याकडे, ज्याचे सरकारी नाव २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे, त्याच्याकडे जाते. तो नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते आणि तारखा सुरू होतात.

हरकत बहुधा घरातूनच येते. बाप वारल्यावर वारसनोंद करताना बहिणींची नावे चढवायची राहून जातात, किंवा चढतात आणि विकताना त्यांची सही घेतली जात नाही. मुलगी वडिलोपार्जित जमिनीत जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीचा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला पक्का केला. तिला हिस्सा नको असेल तर तसे ‘हक्कसोडपत्र’ नोंदवावे लागते; साध्या कागदावर ‘माझी हरकत नाही’ लिहून भागत नाही. हक्कसोडपत्र, वाटणीपत्र आणि बक्षीसपत्र यांची सरमिसळ नेहमीच होते. पहिल्यात सहहिस्सेदार आपला हिस्सा इतर सहहिस्सेदारांच्या बाजूने सोडतो. दुसऱ्यात सर्वांचे हिस्से सरस-निरस पाहून वेगळे होतात. शेतजमिनीपुरते हे काम संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारही करतो. तिसऱ्यात मालक मोबदला न घेता जमीन देऊन टाकतो, आणि एकदा दिली की मन बदलले म्हणून परत मागता येत नाही.

आता गहाण. साध्या गहाणात ताबा मालकाकडेच राहतो, कर्ज फिटले नाही तर सावकार न्यायालयातून मिळकत विकवून घेतो. ताबेगहाणात जमीन सावकार वाहतो आणि उत्पन्न व्याजात जिरते. बँका बहुधा मूळ कागद ठेवून घेतात, म्हणजे हक्कलेख निक्षेपाचे गहाण करतात. राहिला तो प्रकार ‘मुदत खरेदी’चा, आणि वऱ्हाडातल्या कास्तकाराला याच शब्दाने सर्वांत जास्त बुडवले आहे.

कायद्यात याला शर्तीच्या विक्रीचे गहाण म्हणतात: वरवर विक्री, पण ठरल्या मुदतीत पैसे परत केले की जमीन परत. १९२९ पासून अट अशी आहे की, परतीची शर्त त्याच दस्तात लिहिलेली असली पाहिजे. वेगळ्या चिठ्ठीवर असेल तर ते गहाण धरले जात नाही. सावकारीतला व्यवहार याच फटीतून चालतो. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे हवे असतात. अवैध सावकार लाख-दोन लाख देतो आणि तारण म्हणून दोन एकरांचे साधे खरेदीखत नोंदवून घेतो. परत करून देण्याचे बोलणे तोंडी किंवा बाजूच्या कोऱ्या मुद्रांकावर. वावर कास्तकारच वाहत राहतो, व्याजही देत राहतो. दोन-तीन नापिकीनंतर ज्याच्या नावाने सातबारा झाला आहे तो पोलीस घेऊन ताबा मागायला येतो, आणि कागद पूर्णपणे त्याच्या बाजूचा असतो.

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याचे कलम १८ या प्रकारासाठी आहे. सावकारीच्या ओघात गेलेल्या स्थावर मिळकतीबाबत, अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतील व्यवहार असेल तर, सहकारी संस्थांचा जिल्हा उपनिबंधक चौकशी करतो आणि खरेदी प्रत्यक्षात कर्जाचे तारण होते असे दिसले तर दस्त अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत करण्याचा आदेश देतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत या कलमाखाली कास्तकारांना जमिनी परत मिळाल्या आहेत. चौकशीत पाहण्याजोग्या गोष्टी कागदाबाहेरच्या असतात: मोबदला बाजारभावाच्या मानाने फारच कमी आहे का, खरेदीनंतरही पेरा कोणाचा होता, त्याच माणसाने आणखी किती जणांकडून अशा खरेद्या घेतल्या. तारणासाठी खरेदीखत लिहून दिले तरी चालते, ही समजूत या कायद्यानंतरही गेलेली नाही.

व्यवहाराच्या खर्चाची गणना ‘रेडी रेकनर’पासून होते. वार्षिक मूल्यदर तक्त्यातले मूल्य आणि दस्तातला मोबदला यांतला जो आकडा मोठा, त्यावर मुद्रांक शुल्क लागते. अमरावती किंवा अकोला महापालिका हद्दीत खरेदीखतावर ते अधिभारासह ६ टक्के. राहते घर केवळ महिलांच्या नावे घेतल्यास त्यात १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. समजा प्लॉटचा सौदा १८ लाखांत झाला आणि तक्त्याप्रमाणे मूल्य २० लाख निघाले. शुल्क १,२०,००० आणि फी २०,००० रुपये होईल. गोष्ट तिथे थांबत नाही. फरक १० टक्क्यांच्या पुढे गेल्याने प्राप्तिकर खाते विकणाऱ्याला २० लाखच मिळाले असे धरेल आणि घेणाऱ्याच्या बाबतीत २ लाखांचा फरक त्याचे उत्पन्न मानेल. ‘पांढरे’ आणि ‘काळे’ अशी मोबदल्याची वाटणी करणारे हा दुहेरी कर हिशेबात घेत नाहीत. इसाराचे २०,००० किंवा अधिक रुपये रोखीने घेतले तर तेवढाच दंड विकणाऱ्यावर येतो.

शेतजमीन विकून आलेल्या नफ्यावर कर आहे की नाही, ते अंतरावर ठरते. १ लाखाहून अधिक आणि १० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून ६ किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही. अमरावती आणि अकोला दोन्ही शहरे याच गटात मोडतात. अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नव्हे. हद्द वाढली की रेषाही पुढे सरकते. आतल्या जमिनीवर, दोन वर्षांहून अधिक काळ धारण केली असल्यास, दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या घराच्या किंवा प्लॉटच्या व्यवहारात घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. ग्रामीण शेतजमिनीला तो लागू नाही.

तयार होत असलेल्या घरासाठी किंवा लेआउटसाठी ‘महारेरा’, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरे आठपर्यंत असली तर सूट, एरवी नोंदणी सक्तीची, आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. क्षेत्र सांगायचे ते चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरती फरशी. जिना आणि लॉबी मिळवून फुगवलेले ‘सुपर बिल्टअप’ कायद्यात नाही.

कर्जाचा हप्ता म्हणजे ईएमआय दर महिन्याला सारखाच असतो, त्यातली वाटणी मात्र बदलते. २० लाख रुपये ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले १५,००० व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते २,९९५. वीस वर्षांत मिळून सुमारे ४३ लाख १९ हजार भरले जातात. हप्ते थकले तर बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात न जाता घराचा ताबा घेऊ शकते. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बँकांना बंधनकारक केले असून, उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. बोजा मात्र त्याने आपोआप उतरत नाही. बँकेचा बेबाकी दाखला घेऊन अर्ज द्यावा लागतो, त्याचा फेरफार होतो, आणि तो प्रमाणित झाल्यावरच इतर हक्कातली नोंद निघते. तोवर फिटलेले कर्जही सातबाऱ्यावर तसेच दिसत राहते.